पाकिटाला लागलेले तेरा हात

विजयनगर, म्हैसूर
रविवार, सकाळी साडेदहा

तीर्थरूप रंगराव मामांस,

सिंचनाचा नमस्कार. (शिरसाष्टांग असं लिहिलेलं नाही, कारण मी खुर्चीवर बसले आहे आणि कागदावर खोटं उतरवू नये हे तुम्हीच शिकवलंत.) तुमचा रक्तदाब मागच्या भेटीत १५० वर ९० होता. तो एकदाच मोजलेला असल्यामुळे त्याची धास्ती घेऊ नका. तीन वेगवेगळ्या दिवशी मोजून सरासरी काढा आणि मग धास्ती घ्या. अंबूताई मामी सकाळी फिरायला जातात का? की अजून जोडे घालून अंगणात उभ्या राहून समोरच्यांशी बोलतात आणि अर्धा तास झाला की जोडे काढतात? त्यालाही व्यायाम म्हणायचं असेल तर माझी हरकत नाही. इकडे सर्व क्षेम आहे. हे वाक्य रिवाज म्हणून लिहिलं आहे, निरीक्षणावरून नव्हे.

तुम्हाला प्रश्न पडेल की नंजनगूड इथून पंचवीस किलोमीटर, मग पत्र कशाला. फोन करायचा विचार मी केला होता. पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकून देवळाच्या पायरीवर ठेवता आणि भजनाला जमलेली मंडळी माझ्या प्रश्नांना उत्तरं देतात. मागच्या खेपेस मी लग्नाबद्दल ‘सध्या नाही’ एवढे दोन शब्द बोलले, तर त्यावर नऊ जणांनी मत दिलं, आणि त्यातल्या चौघांची मला ओळखही नव्हती. आताचा विषय नऊ जणांचा नाही. तुमचा शशांक आज पाचला घरी यायला निघतो आहे, त्याच्या हाती हे देते. पाकीट चिकटवलेलं आहे. (चिकटवलेलं नसेल तर शशांकला विचारा.) आणि तुमच्या नियमाप्रमाणे पत्र मराठीत आहे. लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवलंत तरी चालेल, फक्त या वेळी आधी मजकुराकडे लक्ष द्या.

मी आमच्या शिक्षक संघाची तांत्रिक सहसचिव आहे हे तुम्ही सगळ्या नंजनगूडला सांगितलं आहे, पण झाले कशी, हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी संघाच्या वार्षिक सभेत प्रोजेक्टर चालेना. पंचवीस मिनिटं सहा जण तो हलवत होते. मी जाऊन भिंगावरचं झाकण काढलं. त्यावर अध्यक्ष फत्तेसिंगराव यांनी माइकवरून विचारलं की ही मुलगी कोण, आणि मी इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये बी.ई. करून सरकारी शाळेत सहावी-सातवीला गणित आणि विज्ञान शिकवते हे कळल्यावर तिथल्या तिथे ठराव करून हे पद निर्माण केलं. ठराव एकमताने मंजूर झाला. विरोध माझा एकटीचा होता आणि तो टाळ्यांमुळे नोंदवला गेला नाही. तेव्हापासून संघाची यादी, तक्ते, फोटो, व्हॉट्सअॅप ग्रुप आणि ज्याला ठेवायला जागा नाही अशी प्रत्येक वस्तू माझ्याकडे असते. माझी बॅग मोठी आहे, हे कारण.

संघाची थट्टा करायचा माझा हेतू नाही. बाळंतपणाच्या रजेचा पगार सात महिने अडकलेल्या एका शिक्षिकेचे पैसे संघाने चार दिवसांत सोडवले, ते मी पाहिलं आहे. फत्तेसिंगराव कसरतीचे मास्तर आहेत. त्यांचे पूर्वज राजवाड्याच्या घोडदळात होते, म्हणून ते साध्या निवेदनालाही मोहीम म्हणतात आणि ऑफिसच्या जिन्यावरून आम्हाला दोघादोघांच्या रांगेने नेतात. सभेत ते कन्नडमध्ये बोलतात. माझ्याशी मराठीत बोलले की मी समजते, काहीतरी काम आहे.

तर गेल्या आठवड्यात ते मराठीत बोलले. खात्याने जास्तीच्या शिक्षकांची यादी काढली होती (इकडे ‘हेच्चुवरी’ म्हणतात, हा शब्द कानावर आला की स्टाफरूममध्ये चहा गार होतो) आणि आमच्या शाळेतून त्या यादीत गिरिजाबाईंचं नाव होतं. तुम्ही त्यांना आमच्याकडे गौरीच्या हळदीकुंकवाला पाहिलं असेल. उंच, चष्मा दोरीला बांधलेला. पहिली-दुसरीला शिकवतात, तेहतीस वर्षं नोकरी झाली, निवृत्तीला दोन वर्षं राहिली. चार वर्षांपूर्वी त्यांचे यजमान मालोजीराव यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात चालत नाही. म्हणून त्यांनी बदली मागून घराजवळची आमची शाळा घेतली आणि रोज मधल्या सुट्टीत नऊ मिनिटं चालत घरी जातात, मालोजीरावांना भरवतात, नऊ मिनिटं चालत परत येतात. (नऊ हा आकडा माझा आहे. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते.) पण बदली मागून आल्यामुळे या शाळेत त्याच सर्वात नव्या ठरल्या, आणि जास्तीचा शिक्षक म्हणजे शेवटी आलेला शिक्षक. यादीप्रमाणे बुधवारी त्यांना बोलावून नवीन शाळा निवडायला सांगतील. शिल्लक आहेत त्या शाळा जंगलाच्या कडेला, बसने अडीच तास. म्हणजे त्या नोकरी सोडतील. हे त्या बोलल्या नाहीत, मी गणित केलं.

यादी मात्र चुकीची होती. नियम असा, की पहिली ते पाचवीत साठपर्यंत मुलं असली तर शिक्षक दोन, एकसष्ट झाली की तीन. पोर्टलवर आमची मुलं सत्तावन्न. वर्गात मी स्वतः मोजली, चौसष्ट. दोनदा मोजली, कारण पहिल्या वेळी एक जण दोन वर्गांत बसून गेला होता. मग सात मुलं कुठे गेली? तर जवळची एक खासगी शाळा जूनमध्ये बंद पडली, तिथली सात मुलं आमच्याकडे आली, पण त्या शाळेने त्यांना पोर्टलवरून सोडलंच नाही. सोडणार कोण, शाळेला कुलूप आहे. त्यामुळे ही मुलं आमच्याकडे बसून पाढे म्हणतात, आमच्याकडे अंडं आणि चिक्की खातात, आमच्याच भिंतीवर नावं लिहितात, आणि संगणकाच्या मते रोज एका कुलूपबंद इमारतीत हजर असतात. मी तक्ता केला: सातही मुलांची नावं, दाखल झाल्याची तारीख, हजेरीच्या पानांच्या प्रती, अंड्यांच्या नोंदी. अठरा पानं, तीन जोडपत्रं. त्यात काही चुकीचं नव्हतं, हे मी आजही म्हणू शकते. हरकत द्यायची मुदत होती शुक्रवार, संध्याकाळी पाच.

आता तुम्हाला एक प्रथा समजावून सांगायला हवी. तुम्ही एकतीस वर्षं त्याच शिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसात टपालाच्या खिडकीमागे होतात, म्हणून खिडकीपलीकडून ती तुम्हाला दिसली नसेल. संघ निवेदन देतो तेव्हा निवेदनापेक्षा फोटोला महत्त्व असतं. फोटोत साहेबांनी पाकीट दोन्ही हातांनी धरलेलं हवं आणि संघाच्या प्रत्येक पदाधिकाऱ्याचा एक तरी हात पाकिटाला लागलेला हवा. ज्याचा हात लागला नाही त्याने त्या कामात काही केलं नाही असं धरलं जातं, आणि पुढच्या निवडणुकीत तसं बोलूनही दाखवलं जातं. आमच्या पाकिटाचं माप पंचवीस बाय पस्तीस सेंटिमीटर. परिमिती एकशे वीस. एका हाताला आठ सेंटिमीटर लागतात, म्हणजे जास्तीत जास्त पंधरा हात. त्यातले दोन साहेबांचे, उरले तेरा. पदाधिकारी, फोटो काढणारी मी सोडून, सतरा. मी मोठं पाकीट सुचवलं होतं, पण त्यावर फत्तेसिंगराव म्हणाले की मोठं पाकीट दिसलं की साहेब लोक ते उघडतच नाहीत. शेवटी असं ठरलं की उरलेल्या चौघांनी ज्यांचे हात लागले आहेत त्यांच्या कोपरांना हात लावायचे. विद्युतप्रवाह जसा एका तारेतून दुसऱ्या तारेत जातो, तसं श्रेय जाईल, असा विचार असावा.

मी या मोहिमेसाठी सात पायऱ्यांची यादी केली होती. पाचवी पायरी: टपालाच्या खिडकीवर पाकीट देऊन आपल्या प्रतीवर शिक्का आणि क्रमांक घेणे. सहावी: प्रत साहेबांना दाखवणे. सातवी: फोटो. शुक्रवारी सव्वाचारला आम्ही ऑफिसात पोचलो, तेव्हा फत्तेसिंगरावांचं म्हणणं पडलं की साहेब आहेत तोवर खिडकीवर जाणं हा साहेबांचा अपमान आहे. शिवाय साहेब पावणेपाचला कुठल्याशा बैठकीला जाणार आहेत. म्हणून आधी सातवी, मग पाचवी. मी आक्षेप घेतला. त्यांनी तो मराठीत ऐकून घेतला आणि कन्नडमध्ये सगळ्यांना आत घेऊन गेले.

हे साहेब नवीन आहेत, महिनाच झाला. त्यांना प्रथा ठाऊक नव्हती. त्यांनी पाकीट घेतलं, उघडलं, तक्ता पाहिला, मान हलवली, आणि ‘मी आत पाठवतो’ असं म्हणून शेजारच्या ट्रेमध्ये टाकलं. माझ्या दोन वर्षांच्या कारकिर्दीत कुणी निवेदन उघडून वाचल्याचं हे पहिलंच उदाहरण. पण त्या खोलीत सतरा चेहरे असे झाले, जणू साहेबांनी अर्ज फाडून टाकला. भुजंगराव, आमचे सरचिटणीस, हळूच म्हणाले, “सार, फोटो.” साहेबांनी ट्रेमधून पाकीट काढून पुन्हा धरलं. मग तेरा हात लागले, चौघे कोपरांना लागले आणि मी फोटो काढला. त्यात भुजंगरावांचे डोळे मिटलेले. (त्यांचे डोळे फोटोत नेहमीच मिटतात. संघाच्या बारा वर्षांच्या अल्बममध्ये ते एकदाही जागे नाहीत.) दुसऱ्या फोटोत पाकीट उलटं, अक्षरं खाली. तिसरा बरा आला. तोवर चहा आला, प्रत्येकाने प्रत्येकाला आधी तुम्ही घ्या म्हटलं, साहेब चहा अर्धाच टाकून बैठकीला गेले आणि आम्ही विजयी मुद्रेने खाली आलो. खिडकीपाशी मोठी रांग होती, तिकडे कुणी गेलं नाही. साहेबांच्या ट्रेमधलं पाकीट आपोआप खिडकीकडे जातं आणि क्रमांक सोमवारी मिळतो, असं भुजंगरावांनी सांगितलं. मला ते तर्कशुद्ध वाटलं. मी माझ्या यादीत पाचव्या पायरीवर खूण केली आणि चार वाजून छपन्न मिनिटांनी ग्रुपवर टाकलं: हरकत सादर. पोच सोमवारी.

झालेल्या कामावरच खूण करायची, हे मी मुलांना शिकवते.

काल, शनिवारी सकाळी सहा पन्नासला, बॅगेत कंपासपेटी शोधताना ते पाकीट माझ्या हाताला लागलं.

पहिली दोन मिनिटं मी ती जादा प्रत असावी असं धरून चालले. मग उघडून पाहिलं. फत्तेसिंगरावांची निळ्या शाईतली मूळ सही, अठरा पानं, तीन जोडपत्रं. काल दुसरा शनिवार, ऑफिस बंद. मुदत शुक्रवारी पाचला संपलेली. ते पाकीट बॅगेत कसं आलं हे मला निश्चित सांगता येत नाही. मी शांतपणे शक्यता मांडल्या. फत्तेसिंगरावांनी सवयीने आत कोंबलं: साठ टक्के (मागे त्यांनी माझ्या बॅगेत शिट्टी, हार आणि एकदा अर्धा नारळ ठेवला आहे). भुजंगरावांनी: पंचवीस. शिपायाने टेबल आवरताना: चौदा. मी स्वतः: एक. बेरीज शंभर.

शनिवारी आमची सकाळची शाळा असते. पाकीट बॅगेत घेऊनच मी सातवीला दशांश अपूर्णांक शिकवले आणि फळ्यावर दोनदा चुकले. दुसऱ्या वेळी मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना आतापर्यंत ही संधी मिळाली नव्हती. मधल्या सुट्टीत गिरिजाबाई डबा घेऊन आल्या (शनिवारी शाळा लवकर सुटते, म्हणून त्या मध्येच घरी जात नाहीत). होळिगे केली होती, तीही नारळाची, पहाटे उठून. (आपल्या इकडच्या मराठी मंडळींपैकी कुणीही आता पुरणपोळी म्हणत नाही, तुम्हीसुद्धा नाही, म्हणून इथे दुरुस्ती करू नये.) सकाळच्या कन्नड पेपरात फोटो आला होता, तो त्यांनी कापून पर्समध्ये ठेवला होता. फोटो चांगला आहे. पाकीट मध्यभागी, स्पष्ट, अक्षरं सरळ. त्या म्हणाल्या, “अगे, मी तर ट्रंक काढून कपडे भरायला लागले होते. काल रात्री परत माळ्यावर टाकली. ह्यांना सांगितलं, नोडी, बघा, कागद सिंचनाच्या हातचा आहे, तो चुकायचा नाही. तर हे हसले. तोंड वाकडं होतं म्हणून हल्ली हसतच नाहीत, पण काल हसले.”

मी ‘बरं झालं’ अशा सुरात म्हटलं, “आयतु, मेडम.” आणि दोन होळिगे खाल्ल्या. पहिली नाकारता येत नव्हती. दुसरी का खाल्ली याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही.

त्यानंतर ग्रुपवर दोनशे चौदा अंगठे आले. फत्तेसिंगरावांनी फोन करून सांगितलं की पुढच्या वर्षी माझ्या पदातला ‘सह’ काढायचा विचार आहे. मी कुणालाही काही सांगितलेलं नाही. योग्य माहिती हाती आल्याशिवाय बोलू नये असं माझं मत आहे, आणि काल सकाळपासून मी योग्य माहितीची वाट पाहते आहे. रात्री झोप लागली नाही, हे केवळ नोंद म्हणून. आई विचारत होती की पोट बिघडलं का. मी हो म्हटलं, कारण होळिगेचं निमित्त हाताशी होतं. आता ती मला दर तासाला जिऱ्याचं पाणी देते आहे. एका खोट्याला किती भांडी लागतात हे मी प्रत्यक्ष पाहते आहे, आतापर्यंत सहा.

असो. तुम्हाला त्रास द्यायचा हेतू नाही, ख्यालीखुशाली कळवावी म्हणून लिहिलं. मामींना नमस्कार. रक्तदाबाचे तिन्ही आकडे कळवा.

तुमची भाची,
सिंचना

ता.क. (दुपारी एक.) एक किरकोळ शंका, निव्वळ माहितीसाठी. तुमच्या काळात एखादं पाकीट साहेबांच्या ट्रेमध्ये राहून गेलं आणि दोन दिवसांनी सापडलं, तर ते कोणत्या तारखेला चढवलं जायचं? सापडल्याच्या की आल्याच्या? खिडकीवर हल्ली नरसिंगराव असतात. ते तुमच्या हाताखाली तयार झालेले, अजून तुमच्या पाया पडतात असं तुम्हीच मागे सांगितलं होतंत. ते सोमवारी साडेनऊला कुलूप उघडतात. त्याआधी कुणा वडीलधाऱ्या माणसाचा त्यांना फोन गेला, की एक पाकीट घेऊन एक मुलगी येईल, ते शुक्रवारचंच आहे असं समजा, तर त्यात तांत्रिकदृष्ट्या असत्य काही नाही. ते शुक्रवारचंच आहे. मी फक्त विचारते आहे. आणि खरं तर एवढं विचारण्यासाठीच वरची पानं लिहिली, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. तुम्ही टपालातले आहात, पाकीट किती जड आहे यावरून आत काय आहे ते ओळखता.

ता.क. दुसरा. (दुपारी सव्वातीन.) वरची शंका रद्द समजावी. खोडलेली नाही, कारण खोडलेलं लोक जास्त लक्ष देऊन वाचतात.

झालं असं, की दोनला भुजंगरावांचा फोन आला. पेपरातल्या फोटोतही त्यांचे डोळे मिटलेलेच आहेत, आणि त्यांच्या सूनबाईंनी तो फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला आहे. ते रडवेले झाले होते. म्हणाले, “मेडम, बारा वर्षं झाली. एक तरी उघडा पाहिजे की नको?” शुक्रवारी त्यांनी स्वतःचा फोन साहेबांच्या कपाटावर टेकवून आपोआप फोटो निघेल असं काहीतरी दाबून ठेवलं होतं, फोटो निघाला नाही, चुकून व्हिडिओ झाला. त्यातून डोळे उघडे असलेलं एक चित्र मी कापून द्यावं, एवढी विनंती. व्हिडिओ एक मिनिट चाळीस सेकंदांचा, एका सेकंदात तीस चित्रं, एकूण तीन हजार. मी एकेक चित्र पुढे सरकवत भुजंगरावांचे डोळे पाहत बसले. मला करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

त्यांचे डोळे उघडे असलेली चित्रं एकशे सहा आहेत. त्यातलं उत्तम मी त्यांना पाठवलं. पण त्या चित्रांत त्यांच्यामागे मीही आहे. सेकंद सत्तरला चहा येतो. साहेब पाकीट टेबलावर ठेवून पेला घेतात. शिपाई दुसरा पेला पाकिटावरच टेकवायला जातो. एक हात चटकन पुढे येऊन पाकीट उचलतो, त्याची कडा रुमालाने पुसतो, नीट सरळ करून बॅगेत सरकवतो आणि चेन लावतो. मनगटावर घड्याळ आतल्या बाजूला बांधलेलं आहे. त्या खोलीत घड्याळ आतल्या बाजूला बांधणारी एकच व्यक्ती होती. सकाळच्या शक्यता दुरुस्त करते: शून्य, शून्य, शून्य आणि शंभर. फत्तेसिंगरावांबद्दल जे साठ टक्के लिहिलं त्याबद्दल दिलगीर आहे. (अर्धा नारळ मात्र त्यांनीच ठेवला होता.)

मामा, मी कागद ओला होऊ नये म्हणून तो उचलला. बाकीच्यांना निवेदनाची पडलेली नाही, मला आहे, असा माझा समज होता.

पण मी तो व्हिडिओ पुन्हा सुरुवातीपासून पाहिला. सेकंद पाचला साहेब पाकीट घेतात, उघडतात, जोडपत्र पाहतात, ट्रेमध्ये टाकतात आणि स्वच्छ ऐकू येतं: ‘मी आत पाठवतो.’ मागच्या भिंतीवर घड्याळ आहे. चार वाजून एकवीस मिनिटं. म्हणजे हरकत मुदतीत मिळाली होती, खुद्द साहेबांच्या हातात, आणि त्याला सतरा माणसं साक्षीला आहेत. खिडकीवर मागची तारीख घालण्याची गरज नाही. नरसिंगरावांची पेन्शन जवळ आली आहे, त्यांना या वयात खोटं लिहायला लावू नये. फक्त तो व्हिडिओ दाखवावा लागेल. आणि अर्धाच दाखवून चालणार नाही, कारण मुदतीत मिळालेलं पाकीट मग ऑफिसात का नाही हे कुणीतरी विचारणारच. सेकंद पाचपासून सत्तरच्या पुढेपर्यंत, सलग. साहेबांसमोर, फत्तेसिंगरावांसमोर आणि ज्यांनी ट्रंक माळ्यावर टाकली त्यांच्यासमोर. साहेब ते मान्य करतील का, हे मला माहीत नाही. कदाचित म्हणतील की मिळालं होतं, पण तुम्हीच परत नेलंत. ते म्हणणंही खरं आहे. त्यावर माझ्याकडे तक्ता नाही.

गिरिजाबाईंना ऑफिसात सगळ्यांच्या देखत कळू नये. आधी त्यांच्या घरी जाऊन सांगायला हवं, मालोजीरावही ऐकतील अशा ठिकाणी बसून. वाक्य मी तयार केलं आहे, सात शब्दांचं आहे. आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं, तिन्ही वेळा चौथ्या शब्दाला थांबले. नंजनगूडला मी स्वतःही येऊ शकले असते, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तुमच्या तोंडावर हे सांगता आलं नसतं, म्हणून कागद घेतला. मग गिरिजाबाईंच्या तोंडावर कसं सांगायचं, हा प्रश्न उरतोच.

ता.क. तिसरा. (पाचला दहा कमी.) शशांक चप्पल घालून दारात उभा आहे आणि विचारतो आहे की हे पत्र आहे की पुरवणी. तो उद्या पहाटे सहाच्या बसने परत येतो. तुम्ही त्याच्याबरोबर या. सातला बसस्टँडवर मी गाडी घेऊन उभी असेन, साडेसातला गिरिजाबाईंकडे जाऊ आणि साडेदहाला ऑफिसात. माझी बाजू मांडू नका. ओळख काढू नका. मुलगी हुशार आहे, कामाच्या गडबडीत झालं, असलं काही म्हणू नका. बोलायचं ते मी बोलेन. मी चौथ्या शब्दापाशी थांबले तर तुम्ही फक्त उठून जाऊ नका.